मायदेशी परतलेला धनिक : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या ग्रंथालयात या विषयाला स्वतःचे कपाट नाही. स्थलांतराचे अभ्यासक परदेशी गेलेल्या माणसाने घरी किती पैसे धाडले ते मोजतात. पक्षांचे अभ्यासक पक्षाची बांधणी, फूट आणि मतांची टक्केवारी पाहतात. उद्योगांचा इतिहास लिहिणारे मालकाने कारखाना विकला की लेखणी खाली ठेवतात. या तिघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे एक माणूस उभा आहे. तरुणपणी जवळजवळ रिकाम्या हाताने त्याने देश सोडला, परक्या मुलुखात अमाप पैसा कमावला आणि आता मायदेशी येऊन तो म्हणतो आहे, मला निवडून द्या. तिघेही अभ्यासक त्याला ओळखतात; पण तो आपला विषय आहे असे त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

हे पुस्तक त्या माणसाविषयी आहे. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक दिलासा आधीच देतो : इथे अजून गर्दी नाही. मोठे सिद्धांत ठरून गेलेले नाहीत, घराणी आणि पंथ तयार झालेले नाहीत. चिकाटीने कागदपत्रे वाचणाऱ्या माणसाला पहिल्याच वर्षी काहीतरी नवे सापडू शकते, असे विषय आता थोडे उरले आहेत.

पुढच्या पानांत पाच माणसे पुन्हा पुन्हा भेटतील. त्यांची ओळख करून देतो. स्तानिस्वाव तिमिन्स्की हे पोलंडमधल्या प्रुश्कूफचे. १९६९ मध्ये ते देश सोडून स्वीडनमार्गे कॅनडात गेले, तिथे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची कंपनी काढली, पेरूतल्या इकितोस शहरात केबल टीव्हीचा धंदा केला आणि १९९० मध्ये पोलंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मिलान पानिच हे बेलग्रेडचे सायकलपटू. १९५० च्या दशकात शर्यतीसाठी देशाबाहेर गेले ते परतलेच नाहीत. अमेरिकेत त्यांनी आयसीएन ही औषधकंपनी उभारली आणि १९९२ मध्ये ते युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान झाले. लेबननमधल्या सैदा गावचे रफिक हरीरी १९६५ मध्ये सौदी अरेबियात गेले, शिकवण्या आणि हिशेबनीस म्हणून नोकरी करता करता बांधकामाच्या ठेक्यांत शिरले, आणि १९९२ मध्ये लेबननचे पंतप्रधान झाले. जॉर्जियातल्या चोर्विला खेड्यातले बिद्झिना इवानिश्विली यांनी मॉस्कोत संगणक आणि बटणांचे टेलिफोन विकण्यापासून सुरुवात करून बँक आणि खाणींपर्यंत मजल मारली. २०१२ मध्ये त्यांनी सत्ताधारी पक्षाला घरी बसवले. फ्रांक स्ट्रोनाख हे ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातले, वाइत्सच्या कारखान्यात साचे आणि हत्यारे बनवायला शिकलेले. १९५४ मध्ये कॅनडात गेले, मोटारींचे सुटे भाग बनवणारी मॅग्ना ही बलाढ्य कंपनी त्यांनी घडवली आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी ऑस्ट्रियात स्वतःच्या नावाचा पक्ष काढला.

विषयाची सीमा आखून घेतली पाहिजे. इटलीचे बेर्लुस्कोनी धनाढ्य होते, पण त्यांचा पैसा घरचाच होता. थायलंडच्या थाकसिन शिनावात्रांना परदेशी राहावे लागले ते सत्ता गेल्यावर. उलट बाजूला लिथुएनियाचे वाल्दास अदाम्कुस आणि लॅटव्हियाच्या वाइरा विके-फ्रेइबेर्गा आहेत. अदाम्कुस अमेरिकेत पर्यावरण खात्याचे अधिकारी होते, विके-फ्रेइबेर्गा कॅनडात मानसशास्त्र शिकवत होत्या. दोघेही मायदेशी परतून राष्ट्राध्यक्ष झाले, पण ते आले ते अनुभव आणि नाव घेऊन. थैली घेऊन नाही. आपला माणूस या दोन्ही गटांत बसत नाही. त्याचा पैसा बाहेर तयार झाला आहे, म्हणून तो कसा तयार झाला हे गावात कुणी पाहिलेले नाही. स्थानिक प्रतिस्पर्धी, स्थानिक बँक, स्थानिक करअधिकारी यांपैकी कुणाच्या हातात त्याची नाडी नाही. त्याचे निम्मे आकर्षण याच गोष्टीत आहे, आणि निम्मा धोकाही.

आकर्षण कशाचे, हे आधी पाहू. अशा उमेदवाराच्या सभेला गेलेला मतदार दोन हिशेब मांडतो. पहिला : याचे पोट भरलेले आहे, हा कशाला खाईल? दुसरा : ज्याने तिकडे करून दाखवले तो इकडेही करून दाखवेल. या दोन वाक्यांना हसणे सोपे आहे. पण ती कुठल्या परिस्थितीत बोलली जातात ते पाहिले की हसू मावळते.

पोलंडचेच घ्या. १ जानेवारी १९९० पासून लेशेक बाल्त्सेरोविच यांची आर्थिक सुधारणांची योजना लागू झाली. भाव मोकळे सोडले गेले, सरकारी कारखान्यांचे अनुदान आटले, आणि वर्षअखेर बेरोजगारांचा आकडा ११ लाखांच्या वर गेला. याआधीच्या चाळीस वर्षांत बेरोजगारी नावाची गोष्ट कागदोपत्री नव्हती. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली तेव्हा लोकांपुढे दोन मोठी नावे होती : लेख वावेंसा आणि पंतप्रधान तादेउश माझोव्येत्स्की. दोघेही सॉलिडॅरिटी चळवळीतले, दोघेही एकाच धोरणाचे वाटेकरी. ज्या गिरणी-खाणीच्या गावांना हे धोरण जाचत होते त्यांनी कुणाला मत द्यावे? २५ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत वावेंसांना जवळपास ४० टक्के मते पडली, माझोव्येत्स्कींना १८, आणि काही आठवड्यांपूर्वी ज्यांचे नावही लोकांना ठाऊक नव्हते त्या तिमिन्स्कींना २३. पंतप्रधान तिसरे आले आणि त्यांनी राजीनामा देऊ केला. तिमिन्स्की प्रचारात एक काळी ब्रीफकेस घेऊन हिंडत. तिच्यात वावेंसांविरुद्धचे कागद आहेत असे सुचवत, पण ती उघडून दाखवत नसत. ९ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत वावेंसांनी ७४ टक्के मते घेऊन त्यांना धूळ चारली. चौथाई मते तरीही त्या ब्रीफकेसवाल्याकडे राहिली. या निकालातून तिमिन्स्कींविषयी थोडेच कळते. त्या वर्षी पोलंडच्या छोट्या शहरांत काय शिजत होते ते मात्र पुष्कळ कळते. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की परतलेल्या उमेदवाराची मते वाचताना त्याच्या चरित्राआधी जिल्हावार बेरोजगारीचा तक्ता उघडावा.

दुसरा प्रश्न पैशाच्या कामाचा. निवडणुकीच्या महिन्यात उडवलेला पैसा सगळ्यांना दिसतो. पण इथे खरे काम आधीच्या दहा-पंधरा वर्षांत झालेले असते. हरीरींनी १९७९ मध्ये एक शिक्षणसंस्था सुरू केली. पुढे तिला हरीरी फाउंडेशन हे नाव मिळाले आणि यादवीच्या काळात तिने ३०,००० हून अधिक लेबनानी विद्यार्थ्यांच्या उच्चशिक्षणाचा भार उचलला. त्यातले कित्येक पुढे बँकांत, वर्तमानपत्रांत, मंत्रालयांत गेले. हरीरी पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्यापाशी पक्ष नव्हता. पण पक्षापेक्षा पक्की अशी एक पिढी होती. इवानिश्विलींनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे चर्च, नाट्यगृहे, कलावंतांची मानधने यांवर मुबलक पैसा खर्च केला. तिबिलिसीच्या भव्य सामेबा कॅथेड्रललाही त्यांचा मोठा हातभार लागला, आणि तोही गाजावाजा न करता. स्ट्रोनाख यांनी ऑस्ट्रियात कारखाने घेतले, फुटबॉलचा क्लब पोसला, देशाच्या फुटबॉल लीगचे अध्यक्षपद भूषवले. या दानाला निव्वळ मतांची पेरणी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि निव्वळ दानत म्हणणे भाबडेपणाचे. दात्याचा हेतू इतिहासकाराला सापडत नाही. दान घेणारे पुढे कुठे गेले, हे मात्र सापडते.

ऐन निवडणुकीत पैसा कसा चालतो याचा नमुना म्हणून जॉर्जियातल्या डिश अँटेनांची हकीकत सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये देशभर पोहोचणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या राष्ट्राध्यक्ष मिखाइल साकाश्विली यांच्या बाजूच्या होत्या. विरोधी सुराच्या वाहिन्या राजधानीबाहेर फारशा दिसत नसत. मग त्या उन्हाळ्यात गावोगावी डिश पोहोचू लागल्या. सरकारी यंत्रणेने हे मते विकत घेणे ठरवून हजारोंनी डिश जप्त केल्या. इवानिश्विलींवर पक्षनिधीच्या नियमभंगाबद्दल न्यायालयाने सुमारे १४.८ कोटी लारींचा दंड ठोठावला, जो अपिलात निम्म्यावर आला. पुढे देशी-परदेशी दबावाखाली कायदा बदलला आणि प्रचारकाळात केबलचालकांना सगळ्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. १८ सप्टेंबरला विरोधी वाहिन्यांनी तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती दाखवल्या तेव्हा त्या घरोघरी पाहिल्या गेल्या. १ ऑक्टोबरला इवानिश्विलींच्या ‘जॉर्जियन ड्रीम’ आघाडीने ५५ टक्के मते आणि १५० पैकी ८५ जागा मिळवल्या. आता या प्रसंगात डिश वाटणे हे लाच देणे होते की गळा दाबलेल्या देशाला श्वास देणे? दोन्ही उत्तरांना पुरावा आहे. ज्याला एकच उत्तर हवे आहे त्याने हा विषय घेऊ नये.

ऑस्ट्रियात काम अधिक सभ्यपणे झाले. तिथे तेव्हा संसदेत पाच सदस्य जमले की अधिकृत गट होत असे, आणि तीन खासदारांच्या सह्या मिळाल्या की नव्या पक्षाला निवडणुकीसाठी गावोगाव हजारो सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. स्ट्रोनाख यांच्या पक्षाने एकही निवडणूक लढवण्याआधी संसदेत गट बनवला. दुसऱ्या पक्षांतले, मुख्यतः बीझेडओ या उजव्या पक्षातले, खासदार त्यांच्याकडे आले. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे एक संपूर्ण पक्ष असा आयत्या माणसांवर उभा राहिला, आणि पुढे तसाच ओसरलाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा. कोण ‘आपला’ आणि कोण ‘परका’ हे ठरवणारी कलमे अशा माणसाच्या वाटेवर हमखास येतात. हैतीत जन्मलेले आणि टेक्सासमध्ये अन्नप्रक्रियेचा मोठा उद्योग उभारलेले द्युमार्से सिमेउस २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू पाहत होते. अमेरिकी नागरिकत्वाच्या मुद्द्यावर निवडणूक मंडळाने त्यांना वगळले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देऊनही नाव मतपत्रिकेवर आले नाही. इवानिश्विलींनी ऑक्टोबर २०११ मध्ये राजकारणात उतरण्याची घोषणा केली आणि काही दिवसांतच त्यांचे जॉर्जियन नागरिकत्व रद्द झाले, कारण त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व घेतले होते. मग त्यांच्यासाठी वाट मोकळी व्हावी म्हणून राज्यघटनाच दुरुस्त केली गेली. पानिच पंतप्रधान असताना अमेरिकेचे नागरिक होते. युगोस्लाव्हियावर निर्बंध असल्यामुळे ते पद स्वीकारायला त्यांना अमेरिकी सरकारची खास परवानगी घ्यावी लागली. एका देशाचा पंतप्रधान दुसऱ्या देशाच्या परवान्यावर कारभार करतो, हे दृश्य घटनातज्ज्ञाने पुरते न्याहाळावे असे आहे.

या कायद्यांचा अभ्यास करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. असे कलम बहुधा कुणातरी एका माणसाकडे बोट दाखवून लिहिलेले किंवा वापरलेले असते. म्हणून कलमाच्या मजकुराइतकीच त्याची तारीख महत्त्वाची.

आता माझे स्वतःचे म्हणणे मांडतो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी पण दूरवर पोहोचणारी मांडणी केली. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि या दोहोंतली निवड निष्ठेवर अवलंबून राहते. हर्शमन स्वतः तरुणपणी, १९३३ मध्ये, बर्लिन सोडून गेलेले. आपला परतलेला धनिक या मांडणीत सरळ बसत नाही. तो आधी निघून गेला, आणि मग आवाज उठवायला परत आला. तोही एकट्याने, मोठ्या ध्वनिक्षेपकासह. शिवाय आला तेव्हा पुन्हा निघून जाण्याची सोय त्याने बहुधा राखून ठेवलेली असते. दुसरे घर, दुसरा पासपोर्ट, दुसऱ्या चलनातली ठेव.

विरोधक नेमके इथेच बोट ठेवतात : हा काय, जमले नाही तर विमानात बसेल. वर्षानुवर्षे ही प्रकरणे वाचल्यावर मला वाटते, की या आक्षेपात भीती चुकीच्या जागी आहे. जो निघून जाऊ शकतो तो देशाचे फार नुकसान करत नाही. खरी काळजी तेव्हा करावी, जेव्हा त्याच्या मागचे दार बंद होते आणि मायदेश हेच त्याच्या संपत्तीचे एकमेव आश्रयस्थान उरते.

स्ट्रोनाख यांचे दार सताड उघडे होते. मार्च २०१३ मध्ये कॅरिन्थिया प्रांतात त्यांच्या पक्षाने ११ टक्के मते घेतली, तेव्हा जुने पक्ष हादरले. मग उन्हाळ्यात स्ट्रोनाख यांनी भाडोत्री मारेकऱ्यांना मृत्युदंड द्यावा असे विधान केले, प्रत्येक देशाचा वेगळा युरो असावा असे सुचवले, दूरदर्शनवरच्या चर्चांत मुलाखतकारांवर डाफरले. २९ सप्टेंबरच्या निवडणुकीत ५.७ टक्के मते आणि ११ जागा मिळाल्या. नव्या पक्षाला हे वाईट नव्हते. पण मॅग्नाच्या संस्थापकाला अकरा जागांचा गट सांभाळण्यात रस नव्हता. २०१४ च्या जानेवारीअखेर त्यांनी खासदारकी सोडली आणि ते कॅनडात परतले. २०१७ मध्ये पक्ष विसर्जित झाला. हेच स्ट्रोनाख १९८८ मध्ये कॅनडात लिबरल पक्षातर्फे खासदारकीला उभे राहून पडले होते, हे इथे मुद्दाम सांगतो. मायदेशाच्या ओढीची भाषा करणाऱ्या माणसाने आधी परदेशी मैदानात नशीब आजमावले होते, ही गोष्ट त्याच्या प्रचारपत्रिकेत ठळक छापली जात नाही. तिमिन्स्कींचे दारही असेच उघडे होते. २००५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांना अर्धा टक्कासुद्धा मते मिळाली नाहीत. दोघांचा ठसा त्या-त्या देशाच्या संस्थांवर फारसा उरला नाही.

पानिच यांचे दार अर्धवट उघडे होते. त्यांना पंतप्रधानपदी बसवण्यात सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांचा हिशेब होता : अमेरिकी पंतप्रधान असला की पाश्चात्त्यांचा रोष निवळेल. पण हे प्यादे भलतीकडे चालू लागले. युगोस्लाव्हियाच्या प्रश्नावरच्या ऑगस्ट १९९२ च्या लंडन परिषदेत पानिच यांनी मिलोशेविचना चारचौघांत गप्प बसवले आणि डिसेंबरात ते त्यांच्याविरुद्ध सर्बियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. निवासाच्या अटीवरून त्यांची उमेदवारी आधी फेटाळली गेली, मग न्यायालयाने मान्य केली. एवढ्यात प्रचाराचे मोलाचे दिवस गेले. तरी सुमारे एकतृतीयांश मते त्यांना पडली. निकालानंतर काही दिवसांतच संसदेने त्यांच्यावर अविश्वास दाखवला आणि ते अमेरिकेत आपल्या कंपनीकडे परतले. दार उघडे होते म्हणूनच त्यांना निर्भयपणे बोलता आले, हेही मान्य करायला हवे. उघडे दार नेहमी भित्र्याचेच नसते.

इवानिश्विलींची वाट उलट दिशेने गेली. निवडणुकीच्या वर्षी त्यांनी रशियातली मालमत्ता विकली. त्या वेळी त्यांची संपत्ती ‘फोर्ब्स’च्या अंदाजाने सहा अब्ज डॉलरच्या वर होती, म्हणजे जॉर्जियाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक. ठरवल्याप्रमाणे वर्षभर पंतप्रधानपद भोगून ते नोव्हेंबर २०१३ मध्ये पायउतार झाले, तेव्हा अनेकांनी त्यांची वाहवा केली. पण त्यांच्या जागी आले ते त्यांच्याच उद्योगसमूहातून वर आलेले इराकली घारिबाश्विली. इवानिश्विलींच्या सुरक्षा पथकाचे माजी प्रमुख पुढे गृहमंत्री झाले. स्वतः इवानिश्विली तिबिलिसीच्या टेकडीवरच्या, जपानी वास्तुरचनाकार शिन ताकामात्सू यांनी रचलेल्या काचेच्या प्रासादात राहून पक्षाची सूत्रे हलवत राहिले. कधी अध्यक्ष म्हणून, कधी कुठल्याच पदाविना. दरम्यान त्यांच्या परदेशी ठेवींना गळती लागली. स्विस बँकेतल्या त्यांच्या खात्यांत अफरातफर झाली आणि खटले बर्म्युडा व सिंगापूरच्या न्यायालयांत गेले. एप्रिल २०२४ मध्ये जॉर्जियाच्या संसदेने परदेशी करमुक्त ठिकाणांहून देशात मालमत्ता आणणाऱ्यांना करसवलत देणारा कायदा केला. तो कुणाच्या सोयीचा, याची चर्चा लगेच झाली. त्याच वर्षी परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवरचा कायदा आला, ऑक्टोबरातली निवडणूक वादग्रस्त ठरली आणि डिसेंबरअखेर अमेरिकेने इवानिश्विलींवर निर्बंध लादले. या घटना ओळीने मांडल्या की दिसते, दार जसजसे बंद होत गेले तसतशी राज्यसंस्थेवरची पकड घट्ट होत गेली. कार्यकारणभाव सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. क्रम मात्र डोळ्यांत भरतो.

मराठी वाचकाने या विषयात कुठून शिरावे? कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारतात हे नाट्य याच स्वरूपात घडू शकत नाही. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाला ओसीआय कार्ड मिळते, पण मत देता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज जन्मनोंदणीवरून लोकप्रतिनिधींच्या नागरिकत्वावर प्रश्न उठले ते याच तरतुदीमुळे. तेव्हा भारतातला परतलेला धनिक हा पासपोर्ट न बदललेला धनिक असतो. आखाती देश सहसा नागरिकत्व देतच नाहीत, म्हणून केरळमध्ये त्याची वाट सोपी. कुवेतमध्ये शाळा आणि व्यवसाय उभारलेले थॉमस चंडी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे कुट्टनाडचे आमदार झाले आणि २०१७ मध्ये केरळचे परिवहनमंत्री. त्यांच्या रिसॉर्टने तलावाकाठच्या जमिनीचे नियम मोडल्याचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांनी दिला. त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले तेव्हा, मंत्री स्वतःच्याच सरकारविरुद्ध दाद कशी मागतो, असा सवाल न्यायालयाने केला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेत वैद्यकीय परीक्षांच्या तयारीची यूवर्ल्ड ही कंपनी काढणारे पेम्मसानी चंद्रशेखर २०२४ मध्ये गुंटूरमधून लोकसभेवर गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. प्रतिज्ञापत्रात त्यांनी कुटुंबाची मालमत्ता ५,७०० कोटी रुपयांच्या वर दाखवली. त्यांच्या कारकिर्दीविषयी निष्कर्ष काढण्याची वेळ अजून आलेली नाही, पण निरीक्षण सुरू करण्याची आली आहे.

महाराष्ट्रातून परदेशी गेलेला माणूस मुख्यतः नोकरीपेशातला. त्यामुळे आपल्याकडे या प्रकरणाला तेवढा मोठा नायक लाभलेला नाही. या राजकारणाची लहान आवृत्ती मात्र कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेचे छप्पर, पावतीपुस्तक फाटते ते मुंबईत, आणि मग गावकीच्या बैठकीत ‘मुंबई मंडळ’ काय म्हणते याला वजन येते. निवडणुकीला मुंबईहून गाड्या सुटतात. गावात कायम राहणारा म्हणतो, वर्षातून दोनदा येणाऱ्याने आम्हाला शहाणपण शिकवू नये. चाकरमानी म्हणतो, पैसे आमचे चालतात आणि मत चालत नाही काय? ज्याने ही खडाजंगी एकदा ऐकली आहे त्याला तिबिलिसी किंवा बैरुत परके वाटणार नाही. पैशांच्या शून्यांत फरक आहे, भांडण तेच आहे.

अभ्यास कसा करावा, याविषयी थोडे. अशा माणसांची आत्मचरित्रे असतात आणि ती रंजक असतात. खिशातले मोजके डॉलर, तळघरातली पहिली कार्यशाळा, पहिला मोठा ठेका हे प्रसंग त्यांत हमखास भेटतात. ते खोटेच असतात असे नाही. पण ते निवडून, घासूनपुसून ठेवलेले असतात. त्यांच्यासोबत कंपनीचे वार्षिक अहवाल, न्यायालयीन निकाल, उमेदवारी अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रे आणि मतदारसंघनिहाय निकाल ठेवून वाचावे. खटल्यांचे कागद विशेष मोलाचे, कारण शपथेवर दिलेल्या जबाबात माणूस सभेतल्यासारखे बोलत नाही. शिवाय ज्या देशात पैसा कमावला त्या देशाची वर्तमानपत्रेही पाहावीत. मायदेशात देवदूत ठरलेल्या माणसाविषयी त्याच्या कारखान्यातल्या कामगाराचे मत टोरांटोच्या बातमीत सापडेल, व्हिएन्नाच्या नाही.

एक सावधगिरी. या विषयात उपहासाचा मोह मोठा आहे. काळी ब्रीफकेस, काचेचा महाल, ऐंशीव्या वर्षीचा पक्ष : विनोदाला सामग्री भरपूर. पण ज्यांनी या माणसांना मते दिली ते मूर्ख नव्हते. त्यांना पर्याय हवा होता आणि घरच्या राजकारणाने तो दिला नव्हता. उपहास करायचाच तर त्या घरच्या राजकारणापासून सुरुवात करावी.

शेवटी, माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त अडवणारे प्रकरण कुठले, तेही सांगून टाकतो. ते रफिक हरीरींचे. त्यांच्यापाशी १९७८ पासून सौदी नागरिकत्व होते, रियाधमध्ये कंपनी होती, पॅरिसमध्ये घर होते. दार शेवटपर्यंत उघडे होते. माझ्या तर्काप्रमाणे त्यांचा ठसा पुसट असायला हवा. प्रत्यक्षात पाचही जणांत देशाचे रूप सर्वाधिक बदलले ते त्यांनीच. बैरुतचा उद्ध्वस्त मध्यभाग पुन्हा बांधण्यासाठी १९९४ मध्ये सॉलिदेर ही कंपनी निघाली. त्या भागातल्या हजारो जुन्या घरमालकांना, दुकानदारांना जमिनीच्या बदल्यात शेअर मिळाले, आणि कंपनीच्या मोठ्या भागधारकांत स्वतः पंतप्रधान होते. शहर झळाळले, जुने रहिवासी पांगले, आणि त्यांच्या कारकिर्दीअखेर देशाचे सार्वजनिक कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या दीडपटीपलीकडे गेले होते. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा ते निघून जाऊ शकत होते. गेले नाहीत. १४ फेब्रुवारी २००५ रोजी बैरुतच्या किनारी रस्त्यावर स्फोटात त्यांची हत्या झाली.

उघडे दार असूनही माणूस का थांबतो आणि थांबून काय उभारतो, याचे उत्तर माझ्या मांडणीतून निघत नाही. म्हणून प्रकरणांचा छापील क्रम मोडून नव्या वाचकाने हरीरींपासूनच वाचायला सुरुवात करावी, असे मी सुचवेन. ज्याला तिथे माझे म्हणणे खोडून काढणारा पुरावा सापडेल, त्याच्या लेखाची या विषयाला गरज आहे.